स्पाइक मिलिगन : सुरुवात कुठून करावी? वाचनगटासाठी सल्ला हवा आहे

चाफेकळी (कोपरी, ठाणे पूर्व)

सर्वांना नमस्कार. आमच्या सोसायटीत गेली काही वर्षे एक छोटा वाचनगट चालतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौदा-पंधरा जण सभागृहात जमतो आणि एका लेखकावर दीड तास बोलतो. मराठी विनोदी लेखकांची एक फेरी पूर्ण झाल्यावर या वेळी दुसऱ्या भाषेतील विनोद घ्यावा असे ठरले आणि माझ्या वाट्याला स्पाइक मिलिगन आला. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूची मंडळी ज्याचे ऋण मोकळेपणाने मान्य करत, तो लेखक-नट आपल्या नगरला जन्मला आणि पुण्यात वाढला, हे गटातील एका काकांनी सांगितल्यामुळे सर्वांचे कुतूहल जागे झाले आहे.

मी स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून त्याच्या युद्धकालीन आठवणींचा पहिला खंड आणला. पहिली पन्नास पाने वाचताना मी एकटीच मोठ्याने हसत होते, आणि पुढे मात्र खरे काय व रचलेले काय हे कळेनासे झाल्यामुळे पुस्तक मिटून ठेवले. त्यामुळे अनुभवी वाचकांचा सल्ला हवा आहे. त्याच्या पुस्तकांपैकी आधी काय वाचावे आणि त्याच्या रेडिओ कार्यक्रमांतील कोणता भाग गटाला ऐकवावा? आमच्यापैकी निम्म्या लोकांना इंग्रजी वाचता येते, पण इंग्रजांचे उच्चार कानाला लागत नाहीत. या प्रकारच्या विनोदाला मराठीत काय म्हणावे, हेही मला ठरवता आलेले नाही. शिवाय त्याला आयुष्यभर मानसिक आजार होता असे वाचले. आमच्या गटातील एका ताईंचा मुलगा अशाच आजारावर उपचार घेत आहे, तेव्हा त्याविषयी बोलावे की टाळावे, आणि बोलायचे तर कसे, हेही कृपया सांगावे.

नगरी माणूस (ऐरोली)

नमस्कार. मी मूळचा नगरचा असल्यामुळे या माणसाविषयी गेली वीस वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे.

टेरेन्स ॲलन मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील लिओ मूळचे आयरिश, ब्रिटिशांच्या फौजेत तोफखान्यात नोकरीला होते आणि हौसेने रंगमंचावरही कामे करत. आई फ्लॉरेन्स इंग्रज होती. लहानपण पुण्याच्या कॅम्पात आणि पुढे रंगूनला गेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब लंडनच्या दक्षिण भागात, बेताच्या परिस्थितीत राहू लागले. ज्या मुलाने नोकरचाकरांचे, उन्हाचे, पलटणीच्या बँडचे घर पाहिले होते, त्याला एकाएकी धुक्यातली भाड्याची खोली पाहावी लागली. आपण कुठलेच नाही ही त्याची भावना येथून सुरू होते असे माझे मत आहे. पुढे १९६०च्या दशकात ब्रिटिश पासपोर्टाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्याने राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिकत्व पत्करले. म्हणूनच २००१ साली मिळालेली ‘सर’ ही पदवीही त्याच्या बाबतीत केवळ मानद ठरली.

एक विनंती मात्र करतो. ‘आपल्या नगरचा’ हे सांगून सुरुवात अवश्य करावी, परंतु तो छावणीतला मुलगा होता, गावातला नव्हता, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगावे.

आपण मिटून ठेवलेले पुस्तक, ‘ॲडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल’, हीच योग्य सुरुवात आहे. ते १९७१ साली आले आणि सातवा खंड १९९१ मध्ये, म्हणजे एक लढाई सांगायला त्याला वीस वर्षे लागली. त्यात रोजनिशी आहे, छायाचित्रे आहेत, चित्रे आहेत, आणि मधूनच हिटलरच्या तोंडी घातलेले लुटुपुटीचे संवाद आहेत. खरे-खोटे ओळखण्याची एक सोपी रीत सांगतो. संवाद जेथे फारच टाळ्याखाऊ वाटतो तेथे तो रचलेला समजावा, आणि जेथे तारीख, गाव आणि एखाद्या सोबत्याचे नाव येते तेथे तो खरे सांगत असतो. त्याची तुकडी सुरुवातीला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिलला होती. तोफा पहिल्या महायुद्धातल्या, आणि सरावासाठी त्यांचे गोळेच उपलब्ध नव्हते. म्हणून सगळे तोफची रांगेत उभे राहून हुकूम होताच एका सुरात ‘धडाम्’ असे ओरडत. हे त्याने रचलेले नाही. सरकारी कारभारच इतका विचित्र होता की विनोदी लेखकाने केवळ पाहावे आणि लिहून घ्यावे.

ध्वनिलेखक (घोडबंदर रोड)

पुस्तकांपेक्षा ‘द गून शो’ या त्याच्या रेडिओ मालिकेपासून सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे, कारण मिलिगन मुळात कानाचा लेखक आहे. तो ट्रम्पेट वाजवत असे, जॅझच्या वाद्यवृंदांतून पुढे आला, आणि त्याच्या वाक्यांना वादकाचा ताल आहे. मी स्वतः ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो. ठाणे ते वाशी या लोकलमध्ये रोजच्या प्रवासात मी या मालिकेचे चार हंगाम ऐकले. रबाळे आणि घणसोलीच्या दरम्यान गाडीच्या खडखडाटात शब्द हरवले तरी प्रसंग कळत असे, कारण निम्मी कथा आवाज सांगत असतात.

ही मालिका बीबीसीवर २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाली आणि २८ जानेवारी १९६० रोजी संपली. मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम असे तिघे मुख्य नट होते. सुरुवातीला मायकेल बेंटाइन हा चौथाही होता. बहुतेक संहिता मिलिगनच्या, काही लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांच्यासोबत लिहिलेल्या. बहुतेक हंगामांत पंचवीसच्या आसपास भाग असत, म्हणजे आठवड्याला अर्ध्या तासाची नवी श्रुतिका. प्रत्येक नट पाच-सहा आवाज काढत असे. मिलिगनचे एक्लीस हे पात्र म्हणजे जगातला सर्वात निरागस मूर्ख, आणि त्याच तोंडातून पुढच्या मिनिटाला मिनी बॅनिस्टर ही थरथरत्या आवाजाची म्हातारी बोलत असे.

त्या काळापर्यंत रेडिओवर ध्वनिपरिणाम म्हणजे दार वाजले, घोडा धावला, बहुधा एवढेच असे. मिलिगनने आवाजालाच विनोदाचा विषय केले. माणूस जिना उतरतो आहे, उतरतो आहे, उतरतच आहे, आणि श्रोता हसू लागतो ते केवळ पावले थांबत नाहीत म्हणून. हवा तसा आवाज मिळावा यासाठी तो बीबीसीच्या तंत्रज्ञांशी सतत भांडत असे. त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. मऊ, ओलसर काही तरी आपटल्याचा आवाज त्याला हवा होता, म्हणून त्याने उपाहारगृहातून कस्टर्ड करवून घेतले, पायातले मोजे काढून त्यात भरले आणि ते आपटून पाहिले. माझ्या व्यवसायातील कोणालाही हे वेडेपण वाटणार नाही. पावसाचा आवाज पावसासारखा यावा म्हणून आम्ही तव्यावर तांदूळ ओतलेले आहेत.

गटासाठी ‘नेपोलियन्स पियानो’ हा १९५५चा भाग निवडावा. कथा साधी आहे: नेडी सीगून हा भोळा नायक पाच पौंडांसाठी पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातून एक पियानो इंग्लंडला आणण्याचा करार करतो आणि शेवटी त्या पियानोवरच बसून इंग्लिश खाडी ओलांडतो. संपूर्ण भाग अर्ध्या तासाचा आहे. आपण दहा मिनिटे ऐकवा. मात्र आधी त्या दहा मिनिटांचा मराठी सारांश वाचून दाखवा. गोष्ट आधीच माहीत असली की कान शब्दांच्या मागे धावत नाहीत आणि आवाजाकडे लक्ष जाते.

पिंपळपान (नौपाडा)

मुलांसाठीच्या कवितांचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते. ‘सिली व्हर्स फॉर किड्स’ हा १९५९चा संग्रह आहे, आणि त्यातील ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही कविता १९९८ साली ब्रिटनमध्ये लोकांच्या सर्वात आवडत्या विनोदी कवितेचा मान मिळवून गेली. गटात कोणाची नातवंडे येत असतील तर त्यांच्याकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यावी. अर्थ सांगण्याची आवश्यकता पडत नाही.

चाफेकळी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पियानोचा भाग मी काल रात्री ऐकला आणि दोनदा ऐकला. माझा एक प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. या विनोदाला ‘असंबद्ध विनोद’ म्हणावे का? कोशात ‘अतिवास्तव’ असा शब्द मिळतो, पण तो चित्रकलेच्या चर्चेतला वाटतो आणि सभागृहात उच्चारला तर लोक गंभीर होऊन बसतील अशी भीती वाटते.

पिंपळपान (नौपाडा)

‘असंबद्ध’ हा शब्द मला मिलिगनवर अन्याय करणारा वाटतो. मी काही वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि मुलांसाठी त्याचे दोन-तीन प्रसंग मराठीत आणून पाहिले, त्या अनुभवावरून लिहिते.

गून शोच्या १९५७च्या एका भागात एक प्रसंग आहे. ब्लूबॉटल हे दुसरे एक पात्र एक्लीसला वेळ विचारते. एक्लीसकडे घड्याळ नाही, कागद आहे. सकाळी एका भल्या गृहस्थाने त्याला वेळ लिहून दिलेली आहे, आठ वाजले आहेत अशी. कोणी वेळ विचारली की तो कागद दाखवतो. ब्लूबॉटल शंका काढतो की कोणी विचारले तेव्हा आठ वाजले नसतील तर? तर मग मी कागद दाखवतच नाही, असे एक्लीस सांगतो. आणि आठ वाजले आहेत हे तुला कळते कसे? याचे उत्तर : ते माझ्याकडे कागदावर लिहिलेले आहे.

यात असंबद्ध काय आहे? प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला घट्ट धरून आहे. गृहीत धरलेली एक गोष्ट तेवढी वेडी आहे, आणि तिच्यावर मांडलेला हिशेब मात्र एखाद्या कारकुनाने मांडावा तितका चोख आहे. आपल्याकडे हे नवीन नाही. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ हा ज्ञानदेवांच्या नावावर असलेला अभंग आठवा. त्यातील तीन गावांपैकी दोन ओसाड आणि तिसरे वसतच नाही, आणि जे वसत नाही तेथे पुढे कुंभार येतात. अभंगाचा हेतू परमार्थाचा आहे आणि मिलिगनचा नाही, हे मान्य. तरीही ज्या सभेला हा अभंग पाठ आहे, त्या सभेला एक्लीसचा कागद समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून मी सुचवेन की व्याख्येने सुरुवात करूच नये. आधी अभंगाच्या दोन ओळी म्हणाव्यात आणि लगेच कागदाचा प्रसंग वाचावा. नाव हवेच असेल तर ‘उफराट्या तर्काचा विनोद’ म्हणा.

सानपाड्याची वाट

मी या धाग्यावर केवळ आजाराच्या प्रश्नासाठी लिहीत आहे. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर विकार आहे आणि त्याच्या उपचारांना आता अकरा वर्षे झाली.

मिलिगन जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, माँटे कसिनोच्या लढाईत जखमी झाला. जखम फार मोठी नव्हती, पण मनाला बसलेला धक्का मोठा होता. पुन्हा तोफांजवळ धाडल्यावर त्याला तो आवाज सहन होईना, आणि वरिष्ठाने समजून घेण्याऐवजी त्याची पदावनती केली. हे सगळे त्याने आठवणींच्या चौथ्या खंडात लिहिले आहे, आणि त्या पानांवर एकही कोटी नाही. पुढे १९५२च्या अखेरीस, गून शोचा तिसरा हंगाम चालू असताना, तो कोसळला आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. दर आठवड्याला नवी संहिता देण्याचा ताण आपल्या प्रकृतीला आणि पहिल्या संसाराला भोवला, असे तो पुढे सांगत असे. आजाराचे असे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले.

आपल्या गटाला एक गोष्ट नक्की सांगा. आजारामुळे त्याला प्रतिभा मिळाली असे कृपा करून कोणीही म्हणू नये. माझा भाऊ चित्रे काढतो. एका रुग्णालयात तेथील एका डॉक्टरांनी माझ्या आईला, कलावंतांचे असे चालायचेच, असे सांगून परत पाठवले आणि योग्य निदान होण्यात आमची दोन वर्षे गेली. १९५२च्या त्या आजाराने मिलिगनला कामापासून दूर ठेवले. त्या काळात काही भाग इतरांनी लिहिले.  मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्याने १९९३ साली ‘डिप्रेशन अँड हाउ टू सर्व्हाइव्ह इट’ हे पुस्तक केले. त्यात रुग्णाची बाजू आणि डॉक्टरांची बाजू शेजारी-शेजारी आहे. आमच्या घरात ते तिघांनी वाचले. भावाने त्यातील एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ ओढून पुस्तक आईच्या उशाशी ठेवले होते, आणि त्यानंतर आई त्याला ‘उठ, जरा बाहेर जाऊन ये, बरे वाटेल’ असे म्हणायची थांबली.

तेव्हा बोलावे की टाळावे, याचे माझे उत्तर असे आहे. त्या ताईंना आधी एकांतात विचारा. त्या ‘बोला’ म्हणाल्या तर चौथ्या खंडातील ती दोन पाने संथपणे वाचा आणि त्यावर भाष्य करू नका. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो वयाच्या ८३व्या वर्षी गेला. त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत ‘मी आजारी आहे असे मी तुला सांगितले होते’ अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. तिचा उल्लेख सगळेजण गंमत म्हणून करतात. माझ्या भावाने ती वाचली तेव्हा तो हसला नाही, तो म्हणाला, “खरंच सांगितलं होतं त्याने, पन्नास वर्षं.”

नगरी माणूस (ऐरोली)

सानपाड्याच्या ताईंचे लिहिणे वाचून मी माझ्याजवळचा चौथा खंड पुन्हा काढला. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

एका अप्रिय विषयाचीही नोंद येथे व्हायला हवी. १९६९ साली ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत मिलिगनने चेहरा काळा रंगवून आयरिश-पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. संहिता दुसऱ्याची होती, पण भूमिका त्याने स्वीकारली. सहा भागांनंतर ती बंद पडली. १९७५ची ‘द मेल्टिंग पॉट’ ही त्याची स्वतःची मालिका तर एकाच भागानंतर थांबवण्यात आली. गून शोमध्येही लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदुस्थानी पात्रे येतात आणि त्यांचे उच्चार हाच तेथे विनोद असतो.

ध्वनिलेखक (घोडबंदर रोड)

दीड तासात हे कशाला घ्यावे? ज्यांना मिलिगन प्रथमच भेटतो आहे त्यांना त्याचे उत्तम काम दाखवावे, असे मला वाटते. १९६९ सालचेच उदाहरण घ्यायचे तर ‘क्यू फाइव्ह’ ही त्याची दूरचित्रवाणी मालिका घ्या. प्रसंगाला शेवटच देऊ नये, मध्येच दुसऱ्या प्रसंगात शिरावे, ही युक्ती त्याने तेथे वापरली आणि काही महिन्यांनी आलेल्या माँटी पायथनने ती जगभर नेली. पायथनच्या मंडळींनी तर क्यू फाइव्हचा दिग्दर्शकच आपल्याकडे घेतला.

नगरी माणूस (ऐरोली)

आपले म्हणणे मला पटते, तरीही मतभेद नोंदवतो. इंग्लंडमधील सभेत हा विषय कदाचित वगळता येईल. ठाण्यात, ‘आपल्या नगरचा’ म्हणून त्याची ओळख करून देताना, तो वगळता येणार नाही. ज्याला या देशाची ओढ शेवटपर्यंत होती त्यानेच येथील माणसांची अशी सोंगे काढली, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. पाच मिनिटे पुरतील, पण ती द्यावीत.

पिंपळपान (नौपाडा)

नगरी माणूस यांच्याशी मी सहमत आहे. रंगभूमीची एक आठवणही जोडते, कारण गडकरी रंगायतनच्या प्रेक्षकांना ती लगेच कळेल. १९६४ साली मिलिगनने एका रशियन कादंबरीवरील ‘ओब्लोमोव्ह’ हे गंभीर नाटक घेतले. सुरुवातीचे प्रयोग रंगेनात, तेव्हा तो संहिता सोडून प्रेक्षकांशी बोलू लागला, रोज नवे काही तरी घालू लागला, आणि तेच नाटक ‘सन ऑफ ओब्लोमोव्ह’ या नावाने लंडनच्या मुख्य नाट्यगृहांत तुफान चालले. दादा कोंडके यांचा ‘विच्छा माझी पुरी करा’मधील हजरजबाबीपणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नट आणि संहिता यांच्यातील हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की आपल्या वगनाट्यात तशी मोकळीक परंपरेनेच आहे, आणि मिलिगनने ती जेथे नव्हती तेथे घेतली.

चाफेकळी

आता आराखडा स्पष्ट झाला आहे. अभंगाच्या दोन ओळी, कागदाचा प्रसंग, नगर-पुणे-रंगून ते लंडन हा प्रवास, बेक्सहिलची ‘धडाम्’, पियानोची दहा मिनिटे आणि नंतर ती पाच अप्रिय मिनिटे. त्या ताईंना काल भेटले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि ती दोन पाने मीच वाचेन, असे म्हणाल्या. क्लेअर यांचे पुस्तकही मी त्यांच्यासाठी मागवले आहे.

कागदाच्या प्रसंगाचा शेवट मी असा केला आहे, कृपया तपासावा:

“वेळ काय झाली?”
“थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेली आहे.”
...
“आणि आठ वाजले हे तुला कळतं कसं?”
“अरे, त्या गृहस्थांनी मला लिहून दिलंय ना!”

पिंपळपान (नौपाडा)

शेवटचे वाक्य बदलावे. एक्लीस पहिल्या उत्तरात जे म्हणतो तेच शब्द शेवटी पुन्हा आले पाहिजेत, कारण तो फिरून त्याच जागी येतो यावरच प्रसंग उभा आहे. आपण ‘लिहून दिलंय ना’ म्हटल्याने तो स्पष्टीकरण देऊ लागतो, आणि एक्लीस कधीही स्पष्टीकरण देत नाही. ‘अरे’ही काढा. दोन्ही वेळा ‘माझ्याकडे कागदावर लिहिलेली आहे’ एवढेच ठेवा. दुसऱ्या वेळी वाचताना आवाज चढवू नका, आणि ‘माझ्याकडे’च्या आधी श्वासभर थांबा.